मागच्याचा पाट

“...म्हणजे मी सगळं खच्चून, नीट रचलंय. कणभर जागा वाया घालवलेली नाही. तरी फाईलचे तुकडे होतातच कसे, बुवा?”

अच्युतबुवा शेंगा फोडत बसले होते. त्यांनी एक फोडली, दाणा तोंडात टाकला, टरफल परातीत ठेवलं.

“कुणाच्या फाईलचे?”

“मायाप्पांच्या ओवीचे. काल ध्वनिमुद्रण केलं ना, त्याचे. नऊशे तुकडे झालेत!”

“आणि तुझ्या फायलींचे?”

शार्दूलची मान ताठ झाली. “माझ्या सलग आहेत. एकूण एक.”

“हं...” बुवा म्हणाले, आणि त्यांनी पुढची शेंग उचलली.

हा मठ खडकमाळ गावाच्या वर, पवनचक्क्यांच्या मधोमध आहे. नकाशात शोधायला जाऊ नका. वाऱ्यानं तो दरसाल थोडा पूर्वेला सरकतो, असं तिथली माणसं सांगतात, आणि नकाशावाले काही दरसाल येत नाहीत.

अच्युतबुवा पूर्वी कुठल्याशा कचेरीत संगणकांची देखभाल करायचे. एके दिवशी दाढी करायची राहिली, दुसऱ्या दिवशीही राहिली, मग त्यांनी नोकरीच सोडली आणि कचेरीनं भंगारात काढलेलं एक यंत्र डोक्यावर घेऊन डोंगर चढून आले. त्यात लिनक्स ही फुकट मिळणारी कार्यप्रणाली घातली. पुढं चार टाळकी भोवती जमली, त्याला लोक मठ म्हणायला लागले. जटा आणि वायरी सोडवायला बुवा एकच कंगवा वापरतात.

शिष्याच्या कानात ते मंत्र सांगत नाहीत. रूटचा पासवर्ड सांगतात. रूट म्हणजे यंत्राचा धनी. त्याचा पासवर्ड आला की यंत्रातली कुठलीही कडी उघडता येते. मंत्र मिळालेला माणूस जसा काही दिवस जमिनीवर पाय ठेवत नाही, तसंच पासवर्ड मिळालेल्याचंही होतं.

पुण्याहून आलेल्या शार्दूलला तो आषाढात मिळाला होता. दिवाळी तोंडावर आली तरी त्याचे पाय खाली आले नव्हते.

बुवांचा त्याच्यावर जीव. त्याला वाघोबा म्हणत.

“वाघोबा, तुकडे जुळवायची आज्ञा दिलीस?”

“दिली की. ई-फोर-डिफ्रॅग. सकाळपासून देतोय.”

“काय म्हणते?”

“जागा नाही म्हणते.”

“मग खरंच नसेल.”

“पण बुवा, मी तर जागा वाढवली होती! लिनक्स डिस्कच्या प्रत्येक कप्प्यात, पार्टिशनमध्ये, पाच टक्के जागा स्वतःकडे दाबून धरतं. कुणाला देत नाही, स्वतः वापरत नाही. नुसती पडून. मी एका ओळीत ती शून्यावर आणली.”

बुवांचा हात परातीवर थांबला.

“कधी?”

“श्रावणात.”

“आणि ती भरलीस.”

“भरली. ठेवायची कशाला मोकळी?”

“कशानं भरलीस?”

शार्दूल जरा घुटमळला. “...मठाच्या शिबिरातल्या व्याख्यानांनी.”

“कुणाच्या?”

“माझ्या. तीन कोनांतून चित्रित केलीत. मी नसलो तर पुढच्या मुलांना उपयोगी पडतील.”

“तू कुठं निघालायस?”

“कुठं नाही, पण...”

“हं...”

आता हे तुकड्यांचं प्रकरण काय ते एवढंच समजून घ्या. बुवांच्या यंत्रातली डिस्क जुनी, फिरती. आत ग्रामोफोनसारखी तबकडी गरगरते आणि एक सुई तिच्यावरून फिरते. फाईल सलग असली की सुई एका जागी बसून निवांत लिहिते. सलग जागा नसली की फाईलचा एक तुकडा इथं, दुसरा तिथं, तिसरा पार कडेला. मग सुई धावत सुटते. ती धावते तेव्हा यंत्रातून कटकट आवाज येतो. आणि ती धावत असताना गाणं काही थांबत नाही. गाणं पुढं जातं, सुई मागं राहते.

काल नेमकं तेच झालं होतं.

मायाप्पा धनगर गात होते. बिरोबाची मोठी ओवी. सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडलं, ढोल लागला, झांज लागली, चार मायक्रोफोन चार दिशांना उभे. ओवीत एक जागा अशी आहे की रानात हरवलेल्या लेकराला आई तीन हाका मारते. अख्खा माळ त्या तीन हाकांची वाट बघत बसतो.

यंत्रात दीडच हाक आली.

आणि मायाप्पा उद्या सकाळी मिरजेला जायचे होते. घशात गाठ. डॉक्टर म्हणाले होते, जीव वाचेल, आवाजाचं बोलता येत नाही. ती ओवी सबंध येणारा दुसरा माणूस पंचक्रोशीत उरला नव्हता. त्यांच्या थोरल्या लेकाला निम्मी येते, आणि ती निम्मीही तो लाजत म्हणतो.

फोनवर घेऊन झालं होतं. पण त्या माळावर फोनमध्ये मायाप्पापेक्षा वाराच जास्त गातो. दुसरी डिस्क आणावी तर रविवार. तालुक्याचं दुकान बंद.

काल रात्री मायाप्पा एवढंच म्हणाले होते, “उद्या दिस मावळताना अजून एकडाव गातो. मग न्हाय म्हनू नगासा.”

म्हणजे दिवस मावळेपर्यंत डिस्क नीट व्हायला हवी होती.

“व्याख्यानं काढता येणार नाहीत,” शार्दूल म्हणाला. “त्यांना हात लावायचा नाही, बाकी काहीही करायला तयार आहे. बुवा, तुमच्याकडे एखादी आज्ञा असेलच. अजून मला न सांगितलेली.”

बुवांनी हातातलं टरफल परातीत टाकलं.

“आहे.”

शार्दूल पुढं सरकला. “सांगा!”

“आजची पंगत तू बसव.”

शार्दूल वाट बघत राहिला. पुढं काही येईना.

“...आणि आज्ञा?”

“आणि वाढायलाही तूच,” बुवा म्हणाले, आणि परात घेऊन आत गेले.

पंगत मायाप्पांच्या निरोपाची होती. खालून खडकमाळ येणार, वरच्या वाडीवरनं धनगरांची घरं येणार. चुलीवर आमटी रटरटत होती आणि मठाच्या स्वयंपाकाची धनीण पारूआत्या तिच्यावर डोळा ठेवून उभी होती.

या मठाच्या पंगतीची एक रीत आहे. घर बसलं की त्याच्या कडेला एक पाट रिकामा सोडायचा. त्याला मागच्याचा पाट म्हणतात. मागून कुणीतरी येतंच. कुणी जनावरं बांधून येतो, कुणी सून रुसून मागं राहिलेली असते, कुणाचा पाहुणा अवचित एसटीतून उतरतो.

दुसरी रीत अशी की एका घराची सगळी पानं वाढून झाल्याशिवाय त्या घरानं घास उचलायचा नाही. भात आधीच मांडलेला असतो; आमटी मात्र एका घराची पुरी झाल्याशिवाय वाढप्यानं दुसऱ्या घराकडं वळायचं नाही. का, ते कुणाला ठाऊक नाही. मोडलं तर आमटी नासते म्हणतात. एकदा नासली होती, असंही म्हणतात.

शार्दूलला दुसरी रीत कळली. पहिली त्याला पटली नाही.

“इतके पाट रिकामे सोडायचे?” तो स्वतःशीच म्हणाला.

त्यानं पंगत अशी बसवली की बस्स. मक्याच्या कणसावर दाणे बसतात तशी. गुडघ्याला गुडघा. बुवांना सुरुवातीलाच बसवलं, त्यांच्याशेजारी मठातली शिकाऊ मंडळी, कारण ती आधीपासून हाताशीच होती. त्यात एक पान स्वतःचंही मांडून ठेवलं. मग येईल तसं गाव. ओळ संपली, दुसरी ओळ संपली, आणि भिंतीला पाटांची चळत शिल्लक.

“आत्या, बघा. किती जागा वाचवली!”

पारूआत्यानं पदरानं कपाळ पुसलं. “वाचवलीस खरी. आता तिचं काय लोणचं घालतोस?”

“तुम्हाला कौतुकच नाही.”

“पंगत बसवलीस, का पोत्यात शेंगा भरल्यास रं? त्या सरपंचाला श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याला इचारावं लागतंय.”

तेवढ्यात मायाप्पांची थोरली सून आली. कडेवर पोर. तिच्या मागं धाकटा लेक, मेंढरं कोंडून आलेला. त्यांच्याही मागं मायाप्पांची बहीण, जतहून एसटीनं, हातात पिशवी, डोळे आधीच भरलेले.

मायाप्पा दुसऱ्या ओळीच्या मधोमध बसले होते. एका अंगाला त्यांची बायको आणि थोरला लेक, दुसऱ्या अंगाला शाळेचे गुरव मास्तर.

शार्दूलनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. मग भिंतीचे पाट उचलले आणि जिथं सांद मिळाली तिथं टाकले. सून आणि पोर हौदापाशी. धाकटा लेक दाराच्या आड. बहीण खांबामागं.

“बसलं सगळं!” तो म्हणाला. आमटीची बादली उचलली, ओगराळं घेतलं.

“पहिलं घर मायाप्पांचं!” आत्या ओरडली. “आज मान त्यांचा.”

शार्दूलनं मायाप्पांना वाढलं. बायकोला, थोरल्या लेकाला वाढलं. मग बादली घेऊन हौदाकडं पळाला, सुनेला वाढलं. तिथनं दाराकडं. दाराआड लेक सापडेना, कारण तो पाणी प्यायला उठला होता. परत हौदाकडं. परत दाराकडं. आमटी त्याच्या धोतरावर, जमिनीवर, कुणाच्या टोपीवर.

पंगत हात जोडून बघत होती. पानातला भात गार होत चालला होता.

“पुणेकर!” ओळीतनं कुणीतरी हाक दिली. “जतची आत्या ऱ्हायली!”

“कुठायत त्या?”

“खांबामागं!”

शार्दूल खांबाकडं धावला. चुकीच्या खांबाकडं.

“आवो, त्यो न्हवं! तुमी खांबाला वाढताय!”

माळ हसला. मायाप्पासुद्धा हसले, आणि हसताना त्यांनी गळ्यावर हात धरला.

ते शार्दूलनं पाहिलं.

तो पंगतीच्या मधोमध उभा राहिला. घामानं डबडबलेला, हातात निम्मी बादली.

“थांबा,” तो म्हणाला. “मायाप्पांचं घर आधी एकत्र बसवतो. मास्तर, तुम्ही जरा सरकता?”

गुरव मास्तरांनी उजवीकडं पाहिलं. डावीकडं पाहिलं. “सरकतो की. कुणाच्या मांडीवर?”

“मग तुम्ही, पाटील...”

“माझ्यापुढं भात वाढलाय, बाळा. अन्न टाकून उठायचं का?”

खरंच होतं. हलायला कुणाला जागा नव्हती. एकाला उठवावं तर तो कुठं जाणार? दुसऱ्याला उठवल्याशिवाय पहिल्याला जागा नाही, आणि तिसऱ्याला उठवल्याशिवाय दुसऱ्याला नाही. हौदापाशी पोरानं भोकाड पसरलं. त्याला आजोबा दिसत होते आणि आजोबांकडं जायला वाट नव्हती.



तेव्हा ओळीच्या सुरुवातीला अच्युतबुवा उठले.

त्यांनी आपली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली. भात सांडू न देता, पाणी भरलेली घागर न्यावी तसे सावकाश चालत गेले आणि बाहेरच्या पायरीवर बसले. तिथं मठाचं कुत्रं झोपलं होतं. ते थोडं सरकलं.

बुवांनी मागं वळूनही पाहिलं नाही.

एक पाट रिकामा झाला होता.

शार्दूल त्या पाटाकडं बघत राहिला.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “तुम्ही बुवांच्या पाटावर या.”

मास्तर पत्रावळ घेऊन उठले, तिथं जाऊन बसले. मायाप्पांच्या शेजारची जागा मोकळी झाली. खांबामागनं बहीण आली, भावाशेजारी टेकली आणि पान पुढं ओढायच्या आधी तिनं त्यांच्या पाठीवर हात फिरवला.

“अजून सून ऱ्हायली,” पारूआत्या म्हणाली. “आणि धाकटा. आणि हे रं कुणाचं पान, वाढून ठेवलेलं? मानूस न्हाय, नुसतं पान बसलंय पंगतीला.”

शार्दूलनं ओठ चावला.

“...माझं.”

कुणी हसलं नाही.

त्यानं बादली खाली ठेवली. आपलं पान उचललं. ते बघून मठातली शिकाऊ मंडळीही, एकामागून एक, न सांगता उठली. पानं हातात घेऊन पायरीवर गेली. कुत्र्याला आता बसायला जागा उरली नाही. ते अंगणात गेलं.

मग पंगत हलायला लागली. एक इकडं, एक तिकडं. रुसवा नाही, आरडाओरडा नाही. सून आली, पोर आजोबांच्या मांडीत शिरलं, धाकटा लेक दाराआडून आला. शार्दूलनं पुन्हा बादली उचलली आणि एका जागी उभं राहून, नुसतं वाकत वाकत, मायाप्पांचं अख्खं घर वाढलं.

आणि न सांगता, त्यांच्या कडेला एक पाट रिकामा ठेवला.

मायाप्पांनी घराकडं एकदा डोळे भरून पाहिलं.

“उचला,” ते म्हणाले.

घरातल्या सगळ्यांचे घास एकदम वर गेले.

पंगत उठल्यावर शार्दूल पायरीवर येऊन बसला. पुढ्यात पान. भात गार, आमटी गारढोण.

“बुवा, ती आज्ञा...”

“आमटी खा. खारट झालीये का बघ.”

“...नाही. चांगली आहे.”

“मग आत्याला सांग तसं. सकाळपासून तोंड फुगवून बसलीये.”

शार्दूलनं खाल्लं, हात धुतला, आणि यंत्राच्या खोलीत गेला.

बुवा बाहेर कुत्र्याच्या पाठीवरच्या गोचिड्या काढत बसले. बऱ्याच वेळानं शार्दूल दारात आला.

“काढली व्याख्यानं.”

“सगळी?”

“दोन कोनांतली काढली.”

“आणि तिसरा?”

“तो... फार छान आलाय, बुवा.”

बुवांनी मान हलवली. मग खोलीच्या पलीकडं हाक मारली, “मायाप्पा!”

“जी!” फेटा बांधता बांधता मायाप्पा आडोशातनं डोकावले.

“आज दोनच हाका मारा. तिसरीला जागा नाही.”

मायाप्पा बुचकळ्यात पडले. “आवो म्हाराज, तिसऱ्या हाकंला तर ल्योक सापडतंय!”

शार्दूल आत गेला.

खोलीत तो एकटा होता. पडद्यावर तिसऱ्या कोनातला शार्दूल एक बोट वर करून काहीतरी समजावून सांगत होता. दाढी नीट कातरलेली, पाठीमागं पवनचक्की, उजेड अगदी हवा तसा. बाहेरच्या शार्दूलनं त्याच्याकडं थोडा वेळ पाहिलं.

“ऊठ,” तो त्याला म्हणाला.

आणि पुसायची कळ दाबली.

नीट बघितल्यावर त्याला एक गोष्ट दिसली. ती व्याख्यानं आधी आली होती म्हणून त्यांना डिस्कवर ऐसपैस, सलग जागा मिळाली होती. ओवी मागून आली, तर तिच्या वाट्याला नुसत्या सांदी. त्यानं पाच टक्क्यांची राखीव जागा जिथल्या तिथं परत दिली. मग सकाळचीच आज्ञा पुन्हा दिली. तीच. एक अक्षर वेगळं नाही.

या वेळी ती जागा नाही म्हणाली नाही.

दिवस मावळतीला आला. वारा मंदावला. मायाप्पांनी घोंगडी टाकली, ढोलकरी बसला, झांजवाला बसला. शार्दूलनं चारी मायक्रोफोन पुन्हा एकदा तपासले आणि यंत्रापाशी जाऊन कान लावून उभा राहिला.

सुंबरान मांडलं.

कटकट नव्हती. आतनं एक संथ घरघर येत होती, दुपारी जेवून आडव्या झालेल्या माणसासारखी.

मायाप्पांचा आवाज सुरुवातीला जड होता. मग तो माळाला लागला. गाणं आणि कथा, कथा आणि गाणं. मेंढरं हलली, नदी आली, राजा आला, पाप आलं, पुण्य आलं. लेकरू रानात हरवलं.

आई रानाच्या तोंडाशी आली.

पहिली हाक.

शार्दूलनं डोळे मिटले.

दुसरी हाक.

आणि मायाप्पा थांबले...

ढोल थांबला. झांज थांबली. मायाप्पा इतके थांबले की माळावरच्या पवनचक्क्यांनीही पाती रोखून धरली, असं खडकमाळची माणसं आजही सांगतात, आणि वीजवाल्यांनी चौकशीला माणूस पाठवला होता असंही सांगतात. मांडीवरचं पोर आजोबांच्या तोंडाकडं बघत होतं. जतच्या बहिणीनं पदर तोंडात धरला. आता आवाज येतो की नाही, कुणालाच ठाऊक नव्हतं. मायाप्पांनाही नसावं.

मग तिसरी हाक आली.

ती कशी होती ते लिहून सांगता येत नाही. वाडीवरची कोंडलेली मेंढरं उठून उभी राहिली, एवढं मात्र खरं.

ओवी संपली तेव्हा अंधारून आलं होतं. कुणीतरी कंदील आणला. मायाप्पांना आता बोलता येत नव्हतं; त्यांनी शार्दूलकडं बघून नुसती मान वर केली. आलं का?

“आलं,” शार्दूल म्हणाला. “तिन्ही आल्या. सगळंच आलं.”

मायाप्पांनी दोन्ही हात त्याच्या डोक्यावर ठेवले. मग खाली बसले, आणि सुनेनं दिलेलं कोमट पाणी घोट घोट घेत राहिले.

शार्दूल बुवांना हाताला धरून यंत्रापाशी घेऊन गेला.

“तुकडे विचारा.”

“किती?”

“एक! सबंध ओवी, एक सलग तुकडा.”

बुवांनी पडद्याकडं पाहिलं. ओवीचा आवाज तिथं लांबलचक रेघेसारखा पसरला होता. कुठं डोंगर, कुठं दरी. कुठं अगदी सपाट. त्यांनी शार्दूलच्या पाठीवर थाप मारली, आणि तो हात तसाच तिथं राहू दिला.

“शाबास, वाघोबा.”

शार्दूल लाजला. मग पडद्याकडं वाकला. त्याच्या कपाळावर ती ओळखीची आठी पडली.

“बुवा... एक सुचतंय.”

“सुचू दे.”

“हे सपाट भाग बघा. इथं मायाप्पा नुसतेच थांबलेत. इथंही. आणि हा तर केवढा लांब, दुसऱ्या आणि तिसऱ्या हाकेच्या मधला. यात काहीच नाही. शून्य. एवढे कापून टाकले तर फाईल कितीतरी लहान होईल.” त्याचे डोळे चमकले. “केवढी जागा वाचेल, बुवा!”



बाहेर मायाप्पा एक घोट घेत होते, थांबत होते, मग दुसरा घोट घेत होते.

बुवांनी आपल्या शिष्याकडं पाहिलं, ताप उतरत नसलेल्या लेकराकडं आई बघते तसं.

“काप की,” ते म्हणाले. “मग सकाळी मायाप्पांबरोबर मिरजेला जा. डॉक्टरांना सांग... आवाज तेवढा ठेवा, श्वासाची जागा बुजवून टाका.”